स्टार्व्ह्ड रॉक राज्य उद्यान: मुक्काम, पायी भटकंती आणि इतिहास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैर्ऋत्येला, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर स्टार्व्ह्ड रॉक हे राज्य उद्यान आहे. शिकागो, नेपरव्हिल, शॉमबर्ग या परिसरातील मराठी कुटुंबे उन्हाळ्यात येथे तंबू घेऊन जातात, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना दाखवण्याच्या ठिकाणांच्या यादीतही या उद्यानाचे नाव हमखास असते. जाण्यापूर्वी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. यांपैकी बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: येथील खडक मऊ आहे. घळी त्यामुळेच कोरल्या गेल्या, कडे त्यामुळेच देखणे आणि धोकादायक झाले, आणि उद्यानाचे जे नियम नवख्या माणसाला जाचक वाटतात तेही त्यातूनच आले आहेत.

उद्यान नेमके कोठे आहे आणि तेथे कसे पोहोचावे?

उद्यान ला साल परगण्यात, युटिका या छोट्या गावाच्या दक्षिणेला आहे. शिकागोच्या मध्यभागापासून ते सुमारे ९५ मैलांवर, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटरवर असून रहदारी बेताची असल्यास दोन तासांच्या आत पोहोचता येते. आंतरराज्य महामार्ग ८० वरून ८१ क्रमांकाच्या फाट्याला उतरावे, मार्ग १७८ वर दक्षिणेकडे वळावे, युटिका गाव ओलांडावे आणि नदीवरील पूल पार केला की उद्यानाचे प्रवेशद्वार येते. सार्वजनिक वाहतुकीवर विसंबून येथे जाण्याचा बेत आखू नये. उद्यानातील काही घळी मुख्य केंद्रापासून बऱ्याच दूर आहेत आणि त्यांना स्वतंत्र वाहनतळ आहेत, त्यामुळे उद्यानात पोहोचल्यावरही स्वतःची गाडी लागतेच.

'स्टार्व्ह्ड रॉक' हे नाव कसे पडले? त्यामागची कथा खरी आहे का?

नावाचा अर्थ 'उपासमारीचा खडक' असा आहे आणि तो एका दंतकथेतून आला आहे. ब्रिटिशांविरुद्ध अनेक जमातींना एकत्र आणणारा ओडावा सरदार पॉन्टियॅक याची १७६९ मध्ये कहोकिया येथे हत्या झाली. मारेकरी इलिनॉय या मूळनिवासी जमातींच्या समूहातील पिओरिया जमातीचा होता. दंतकथा सांगते की, या हत्येचा सूड घेण्यासाठी ओडावा आणि पोटावाटोमी योद्धे इलिनॉय लोकांवर चालून आले. जीव वाचवण्यासाठी इलिनॉय लोकांचा एक गट नदीकाठच्या या उभ्या खडकावर चढला. शत्रूने खाली वेढा दिला आणि वर अडकलेली माणसे अन्नपाण्यावाचून मेली.

कथा चटका लावणारी आहे, परंतु असा वेढा त्या वर्षी पडल्याची समकालीन नोंद सापडत नाही, आणि इतिहासाचे बहुतेक अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. या खडकावर वेढा मात्र खरोखर पडला होता, आणि तोही एकदा नव्हे. १६८४ मध्ये इरोक्वॉय योद्ध्यांनी येथील फ्रेंच किल्ल्याला वेढा घातला, पण किल्ला हाती लागत नाही असे दिसल्यावर ते परत गेले. १७२२ मध्ये मेस्क्वाकी, म्हणजे फ्रेंच ज्यांना फॉक्स म्हणत, त्यांनी इलिनॉय लोकांना याच खडकावर कोंडले आणि तेव्हाही वरचे लोक तगून राहिले. त्या घटनांच्या आठवणी पुढे पॉन्टियॅकच्या कथेत मिसळल्या असणे अगदी शक्य आहे.

या दंतकथेचा खरा दोष असा की, ती ऐकून परतणाऱ्याला इलिनॉय लोक येथेच संपले असे वाटते. ते संपलेले नाहीत. पिओरिया, कॅस्कॅस्किया आणि त्यांच्याशी नाते असलेल्या जमातींना एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे ढकलण्यात आले, आणि त्यांचे वंशज आज ओक्लाहोमा राज्यात पिओरिया जमात या नावाने, स्वतःच्या शासनव्यवस्थेसह नांदत आहेत. या लोकांचे मोठे गाव खडकावर नव्हते, समोरच्या उत्तर काठावर होते. १६७३ मध्ये मिसिसिपी नदीचा शोध घेऊन परतताना जाक मार्केत हा धर्मप्रसारक आणि लुई जॉलिएट हा नकाशाकार याच गावी थांबले, तेव्हा मार्केतने तेथे ७४ घरे असल्याचे लिहून ठेवले. पुढच्या काही वर्षांत ते गाव त्याहून पुष्कळ वाढले. १६८० मध्ये इरोक्वॉय हल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले आणि नंतर पुन्हा वसले. खडकाच्या माथ्यावर उभे राहिल्यावर नदीपलीकडच्या त्या सपाट, साध्या दिसणाऱ्या काठाकडे आवर्जून पाहावे. येथील इतिहासाचा मोठा भाग तिकडे घडला आहे.

खडकावरचा किल्ला पाहता येतो का?

किल्ला होता, पण पाहता येत नाही. रने-रॉबेर कावल्ये द ला साल या फ्रेंच संशोधकाने आणि त्याचा सहकारी आंरी द तोंती याने १६८२-८३ च्या हिवाळ्यात खडकाच्या माथ्यावर सेंट लुई नावाचा किल्ला बांधला. तोंतीचा एक हात युरोपातील लढाईत तुटला होता आणि तो त्याजागी धातूचा हात लावत असे, त्यामुळे त्याच्याविषयी स्थानिक लोकांत बरेच कुतूहल आणि थोडा धाकही होता. १२५ फूट उंच, तीन बाजूंनी तुटलेला आणि पायथ्याशी नदी असलेला हा खडक संरक्षणासाठी अतिशय सोयीचा होता. परंतु किल्ला लाकडी होता. शिवाय माथ्यावर पाणी आणि सरपण पोहोचवणे कठीण असल्यामुळे तोंतीने १६९१-९२ च्या सुमारास आपले ठाणे नदीच्या खालच्या अंगाला, आजच्या पिओरिया शहराजवळ हलवले.

सह्याद्रीतील गडांची सवय असलेल्या पर्यटकाने येथे तट, बुरूज किंवा टाके शोधू नये. माथ्यावर आज लाकडी फळ्यांचा मार्ग आणि सज्जे आहेत. पुरातत्त्वीय उत्खननात मिळालेल्या वस्तू आणि किल्ल्याची माहिती पायथ्याच्या अभ्यागत केंद्रात पाहायला मिळते, म्हणून वर जाण्यापूर्वी तेथे अर्धा तास घालवणे चांगले. ते न पाहता वर गेल्यास समोर फक्त एक छान देखावा उरतो. या स्थळाला १९६० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला.

सपाट शेतांच्या प्रदेशात अशा घळी कशा तयार झाल्या?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, कारण महामार्गावरून येताना शेवटच्या मैलापर्यंत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची सपाट शेते दिसत असतात. येथील खडक सेंट पीटर वालुकाश्म या नावाने ओळखला जातो. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या काठी साचलेल्या वाळूपासून तो बनला. इलिनॉयच्या बहुतेक भागात हा थर जमिनीखाली खोल गाडलेला आहे, परंतु या पट्ट्यात भूस्तर कमानीसारखे वर उचलले गेल्यामुळे तो पृष्ठभागाशी आला. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे थर वितळू लागले आणि त्यांच्यामागे साचलेले पाणी प्रचंड लोंढ्याने सुटले. कॅन्काकी महापूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या लोंढ्यांनी नदीचे पात्र वेगाने खोल आणि रुंद केले.

नदी अशी अचानक खाली गेल्यावर तिला मिळणारे लहान ओढे वरच राहिले. ते कड्यावरून खाली कोसळू लागले, आणि कोसळताना मऊ वालुकाश्म कापत हळूहळू मागे सरकत गेले. नदीकाठापासून सुरू होऊन आत वळत जाणारी आणि शेवटी उभ्या भिंतीपाशी संपणारी अशी जी प्रत्येक घळ येथे दिसते, ती त्या मागे सरकण्याची वाट आहे. भिंतीच्या तळाशी खडकातून झिरपणारे पाणी दाणे सुटे करत राहते आणि हिवाळ्यात ते गोठून खडक फोडते, त्यामुळे धबधब्यामागे पोकळ्या तयार होतात. कौन्सिल ओव्हरहँग ही गुहेसारखी दिसणारी मोठी कमान अशाच झिजेतून घडली आहे. उद्यानात अशा १८ घळी आहेत.

या वालुकाश्मात जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झचे गोलसर, एकसारखे दाणे असतात. म्हणूनच शेजारच्या ओटावा शहराच्या परिसरात काचेसाठी आणि इतर उद्योगांसाठी या वाळूचे उत्खनन पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. भारतात सिमेंटची चाचणी एन्नोरच्या प्रमाणित वाळूने होते. अमेरिकेत त्या कामासाठी ओटावाची वाळू वापरतात. बांधकाम अभियंत्यांनी प्रयोगशाळेत ऐकलेले ते नाव हेच.

धबधबे वर्षभर वाहतात का? कोणत्या महिन्यात जावे?

नाही, आणि भ्रमनिरासाचे सर्वांत मोठे कारण हेच असते. पुरेसे पाणी असताना १८ पैकी १४ घळींत धबधबे दिसतात, परंतु ते पावसावर आणि वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून आहेत. ऑगस्टमध्ये, अनेक दिवस पाऊस नसताना गेल्यास बहुतेक ठिकाणी ओली भिंत किंवा पाण्याची बारीक धार एवढेच दिसते. सेंट लुई घळीतला धबधबा इतरांपेक्षा अधिक काळ टिकतो.

धबधब्यांसाठी एप्रिल आणि मे हे महिने, त्यातही जोरदार पाऊस होऊन गेल्यानंतरचा दिवस उत्तम. त्याच सुमारास जंगलाच्या तळाशी रानफुलेही येतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानांचे रंग पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. रंग सुंदर असतात, पाणी बहुधा कमी असते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, डास असतात आणि सुट्ट्यांमुळे पायवाटांवर रांगा लागतात. तरीही मुलांच्या शाळेमुळे अनेक कुटुंबांना तेव्हाच जावे लागते. अशा वेळी मधल्या वारी जावे आणि सकाळी लवकर चालायला लागावे. घळीतली हवा दुपारीही बाहेरच्यापेक्षा थंड असते, एवढा दिलासा मिळतो.

पहिल्या भेटीत कोठे चालावे? वाट चुकण्याची भीती आहे का?

उद्यानात एकंदर सुमारे १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर पायवाटा आहेत. त्या सगळ्या एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. अभ्यागत केंद्रापासून खडकाचा माथा अगदी जवळ आहे, आणि फ्रेंच घळ अर्ध्या मैलाच्या आत आहे. तिच्या अरुंद वाटेत खडकावरून पाणी वाहत असते, त्यामुळे पाय घसरतो. तेथून कड्याच्या कडेने लव्हर्स लीप आणि ईगल क्लिफ या नदीकडे पाहणाऱ्या सज्जांवरून वाइल्डकॅट घळीपर्यंत जावे. केंद्रापासून हे अंतर एक मैलाच्या आसपास आहे. वाइल्डकॅट घळ वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी पाहता येते, आणि ती दोन्हीकडून पाहावीच.

सेंट लुई घळीसाठी मार्ग १७८ वर वेगळा वाहनतळ आहे, त्यामुळे तिच्यासाठी मुख्य केंद्रापासून चालत जाण्याची गरज नाही. उद्यानाच्या पूर्व भागात मार्ग ७१ वरील वाहनतळापासून कौन्सिल ओव्हरहँग, ओटावा घळ आणि कॅस्कॅस्किया घळ ही तीन ठिकाणे थोड्या चालीत होतात. एका दिवसासाठी आलेले बहुतेक लोक तिकडे फिरकतच नाहीत. आमच्या मते लहान मुलांसह जाणाऱ्यांनी सुरुवात तेथूनच करावी, कारण चढ कमी आहे, अंतर कमी आहे आणि गर्दीही तुलनेने कमी असते. ला साल घळीत धबधब्याच्या मागून चालता येते, पण ती दूर आहे. तिच्यासाठी स्वतंत्र अर्धा दिवस राखून ठेवावा.

वाट चुकू नये म्हणून झाडांवर आणि खांबांवर रंगीत ठिपके आहेत. पिवळा ठिपका म्हणजे तुम्ही अभ्यागत केंद्रापासून किंवा लॉजपासून दूर चालला आहात, आणि पांढरा म्हणजे परत येत आहात. खोल घळींत मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून फोनवरच्या नकाशावर विसंबून राहण्यापेक्षा निघताना केंद्रातून कागदी नकाशा घ्यावा. पायवाटा सूर्यास्ताला बंद होतात. कॅम्पग्राउंडमध्ये मुक्काम असला तरी रात्री घळींत जाता येत नाही.

वयस्क आई-वडिलांना घेऊन जाणे कितपत योग्य आहे?

गुडघ्यांची स्थिती पाहून ठरवावे. मुख्य खडकावर आणि कड्यांवर जाण्यासाठी लाकडी जिने आहेत. ते भक्कम आहेत आणि त्यांना कठडे आहेत, पण पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि चढलेल्या तितक्याच उतराव्या लागतात. सेंट लुई घळीच्या वाटेवरही जिने आहेत. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांच्यासाठी अभ्यागत केंद्र, पायथ्याशी नदीकाठचे मोकळे मैदान आणि लॉजचा परिसर ही ठिकाणे चांगली आहेत. बाकीची मंडळी घळीत जाऊन येईपर्यंत लॉजच्या मागच्या बाजूला बसून नदी पाहत वेळ चांगला जातो. चाकांच्या खुर्चीने घळींच्या आत जाता येत नाही. चपला किंवा सपाट तळव्याच्या सँडल घालून मात्र कोणीही घळीत उतरू नये, मग वय काहीही असो.

पायवाट सोडण्यास एवढी कडक मनाई का आहे?

कारण येथील कड्याची कड दिसते तशी नसते. वालुकाश्माचा पृष्ठभाग हवा-पाण्याने थोडा कठीण होतो, परंतु त्या पातळ कवचाखालचा खडक हाताने चुरडता येईल इतका ठिसूळ असतो. कडेवर वाळलेली पाने आणि सुटी वाळू साचलेली असते. कठड्यापलीकडे छायाचित्र काढायला गेलेल्या माणसाच्या पायाखालून ती सरकते, आणि खाली सत्तर-ऐंशी फुटांवर खडकाळ तळ असतो. या उद्यानात कड्यांवरून पडून माणसे दगावली आहेत. सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर वर्षानुवर्षे चढलेल्यांनी आपला अनुभव येथे लागू करू नये. बेसॉल्टची कड पायाला धरून ठेवते, ही धरत नाही. याच कारणाने उद्यानात प्रस्तरारोहणाला परवानगी नाही.

दुसरे कारण खडकाच्या बाजूचे आहे. किल्लीच्या टोकाने नाव कोरता येईल असा हा दगड असल्यामुळे अनेकांनी ते कोरले आहे, आणि पाण्याने घडवायला हजारो वर्षे घेतलेल्या भिंतीवर कोणाची तरी आद्याक्षरे पाहणे हा येथला सर्वांत उद्वेगजनक अनुभव आहे. असे कोरणे बेकायदेशीर आहे. पायवाटेबाहेर चालल्याने मातीची धूपही वेगाने होते आणि घळीच्या भिंतींवर वाढणाऱ्या नेच्यांची मुळे उघडी पडतात.

धबधब्याखाली भिजता येते का? नदीत पोहता येते का?

दोन्हींना मनाई आहे. धबधब्याखालच्या डोहांची खोली समजत नाही, आणि वरून दगड सुटण्याचा धोका असतो. नदीचा धोका याहून मोठा आहे, कारण खडकाच्या समोरच स्टार्व्ह्ड रॉक धरण आणि त्याचा जलपाश, म्हणजे बोटींना वर-खाली नेण्यासाठी पाण्याची पातळी बदलणारा कप्पा, आहे. धरणाच्या आसपास पाण्याला फसवी ओढ असते, आणि मालवाहू तराफ्यांचे लांबलचक ताफे या मार्गाने सतत ये-जा करतात. ते ताफे जलपाशात शिरताना आणि पाण्याची पातळी बदलताना जवळून पाहायची असल्यास उत्तर काठावरील इलिनॉय जलमार्ग अभ्यागत केंद्रात जावे. मुलांना ते घळींइतकेच आवडते. नदीत मासेमारी करता येते, मात्र १६ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींकडे राज्याचा परवाना असावा लागतो.

कॅम्पग्राउंडमध्ये काय सोयी आहेत आणि आरक्षण कसे करावे?

कॅम्पग्राउंड अभ्यागत केंद्रापासून वेगळे, मार्ग ७१ च्या बाजूला आहे. तेथून घळींकडे जाण्यासाठी गाडी काढावी लागते. तंबू आणि मोटरघरे यांसाठी एकंदर १३३ जागा आहेत. जागांवर विजेची जोडणी, टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि अंघोळीची सोय सामाईक आहे. विजेच्या सोयीमुळे राइस कुकर किंवा इंडक्शनची शेगडी चालते, हा आपल्या मंडळींना मोठाच आधार वाटतो. जागा आणि वीजपेटी यांतील अंतर कधीकधी जास्त असते, म्हणून बाहेर वापरण्याजोगी लांब वायर सोबत असावी.

आरक्षण राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतच्या शनिवार-रविवारांच्या जागा फार आधी भरतात, त्यामुळे ऐन वेळी जाऊन जागा मिळेल अशी आशा धरू नये. तीन-चार कुटुंबांनी मिळून जायचे असल्यास प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र जागा घ्यावी, कारण एका जागेवर किती माणसे आणि किती तंबू असावेत यावर मर्यादा आहे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला कर्मचारी येतात. आरक्षण करताना शेजारशेजारच्या जागांचे क्रमांक नकाशावर पाहून निवडता येतात. रात्री उशिरा आवाज चालत नाही. अंताक्षरी रंगात येण्याची वेळ आणि शांततेची वेळ नेमकी एकच असते, एवढे लक्षात ठेवावे.

वादळाच्या हंगामात, विशेषतः एप्रिल ते जून या काळात, या प्रदेशात चक्रीवाताचा (टोर्नेडोचा) इशारा मिळू शकतो. त्या वेळी तंबूत थांबू नये. पोहोचल्यावर लगेच कर्मचाऱ्यांना आसऱ्याची जागा कोणती ते विचारून ठेवावे.

घरून शेकोटीचे लाकूड नेले तर चालेल का?

नेऊ नये. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि २००६ पर्यंत इलिनॉयमध्ये पोहोचला. त्याच्या अळ्या अ‍ॅश वृक्षांच्या सालीखाली बोगदे कोरतात, त्यामुळे झाडाचा अन्नरस तुटतो आणि ते वाळते. हा कीटक स्वतः फार दूर उडत नाही, पण गाडीच्या डिकीतल्या लाकडातून एका रात्रीत शंभर मैल पोहोचतो. म्हणून लाकूड उद्यानाजवळच विकत घ्यावे आणि उरलेले परत आणू नये. उद्यानातील पडक्या फांद्या गोळा करून जाळणेही योग्य नाही.

अस्वले आहेत का? इतर कोणत्या प्राण्यांपासून सावध राहावे?

अस्वलांचा वावर या भागात नाही. तंबूत राहणाऱ्याचा खरा शत्रू रॅकून आहे. तो कुलपाशिवाय बंद केलेली शीतपेटी सहज उघडतो आणि पोळ्यांचा डबाही सोडत नाही. रात्री सर्व अन्न आणि कचरा गाडीत ठेवावा, तंबूत अजिबात ठेवू नये.

प्राण्यांपेक्षा गोचिडींची काळजी अधिक घ्यावी. हरणांची संख्या मोठी असल्यामुळे वसंतापासून शरदापर्यंत गवतात गोचिडी असतात, आणि त्यांच्यापैकी काळ्या पायांच्या जातीमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. लांब विजार घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत, कीटकरोधक औषध लावावे आणि परतल्यावर मुलांचे केस, काखा व गुडघ्यांच्या मागची बाजू तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी; तिच्यावर तेल ओतण्याचा किंवा काडी लावण्याचा घरगुती उपाय करू नये. पायवाटांच्या कडेला पॉयझन आयव्ही ही तीन-तीन पानांची वनस्पतीही भरपूर आहे. तिचा स्पर्श झाल्यास काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी तीव्र खाज आणि फोड येतात, म्हणून शंका येताच साबणाने धुऊन घ्यावे.

हिवाळ्यात जाण्यात अर्थ आहे का?

पुष्कळ अर्थ आहे. थंडीला तयार असलेल्यांनी पहिली भेट जानेवारी किंवा फेब्रुवारीत दिली तरी चालेल. तेव्हा धबधबे गोठून निळसर-पिवळसर बर्फाचे उंच खांब तयार होतात. वाइल्डकॅट, ला साल, सेंट लुई आणि ओटावा या चार घळींत बर्फ पुरेसे घट्ट असल्यास नोंदणी करून हिमारोहण करता येते. दगडावर चढण्यास मनाई आणि बर्फावर परवानगी हे विचित्र वाटते, पण बर्फ वसंतात नाहीसे होते आणि दगडावरचा ओरखडा राहतो.

हिवाळ्यातले दुसरे आकर्षण म्हणजे बाल्ड ईगल. उत्तरेकडच्या नद्या आणि तलाव गोठले की हे गरुड दक्षिणेकडे येतात. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी खळाळत राहिल्याने ते गोठत नाही, आणि धरणातून खाली येताना बधिर झालेले मासे पृष्ठभागावर आयते मिळतात. खडकासमोरच्या प्लम बेटावरील झाडांवर हे गरुड रात्रीचा मुक्काम करतात. त्या बेटावर बांधकाम होण्याची शक्यता निर्माण झाली होती, परंतु २००४ मध्ये इलिनॉय ऑड्युबॉन सोसायटी या निसर्गसंवर्धन संस्थेने ते विकत घेतले. खडकाच्या माथ्यावरून दुर्बिणीने सकाळी लवकर पाहावे. जिने आणि घळींचे तळ या दिवसांत निसरडे असतात, त्यामुळे बुटांना लावायचे काटेरी पट्टे सोबत असणे अत्यावश्यक आहे.

तंबू नको असेल तर राहण्याची दुसरी सोय आहे का?

उद्यानातच लॉज आहे, आणि तो स्वतः इतिहासाचा भाग आहे. हा भूखंड १८३५ मध्ये डॅनियल हिट याने ८५ डॉलरला घेतला होता. १८९० मध्ये तो फर्डिनंड वॉल्थर याने १५,००० डॉलरला विकत घेऊन तेथे हॉटेल आणि नृत्यगृह उभारले, आणि १९११ मध्ये राज्याने तो वॉल्थरकडून घेतला. महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी स्थापन झालेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तुकड्या १९३० च्या दशकात येथे राहिल्या. लाकडी ओंडक्यांचा आणि दगडी शेकोटीचा भव्य दिवाणखाना असलेला लॉज, तसेच अनेक पायवाटा त्या तरुणांच्या श्रमातून उभ्या राहिल्या आहेत. मुक्काम नसला तरी दिवाणखाना पाहता येतो आणि उपाहारगृहात जेवता येते. शाकाहारी पदार्थ मोजकेच असतात, तेव्हा दशम्या आणि चटणी सोबत असलेली बरी.

प्रवेशशुल्क, पाळीव प्राणी आणि ड्रोन यांविषयी काय नियम आहेत?

उद्यानात प्रवेशासाठी किंवा गाडी उभी करण्यासाठी शुल्क घेतले जात नाही. कॅम्पग्राउंडचे शुल्क वेगळे असते. कुत्र्याला दोरीने बांधून पायवाटांवर नेता येते. ड्रोन विशेष परवानगीशिवाय उडवता येत नाही. पायवाटा दुरुस्तीसाठी किंवा पुरामुळे बंद असू शकतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या संकेतस्थळावरील सूचना वाचाव्यात.

वाहनतळ भरला असेल तर काय करावे?

या उद्यानाला दर वर्षी वीस लाखांच्या घरात लोक भेट देतात, आणि उन्हाळ्यातल्या किंवा ऑक्टोबरमधल्या रविवारी वाहनतळ भरल्यामुळे प्रवेश काही काळ थांबवला जातो. तेव्हा रांगेत तासभर थांबण्यापेक्षा मार्ग १७८ ने काही मैल दक्षिणेला असलेल्या मॅथिसन राज्य उद्यानात जावे. ला साल शहरातील जस्त-उद्योजक फ्रेडरिक विल्यम मॅथिसन याचे हे पूर्वी खासगी उद्यान होते. तेथेही याच वालुकाश्मातली लांब घळ आहे, ४५ फूट उंच कॅस्केड धबधबा आहे आणि गर्दी कमी असते. सायकल सोबत असल्यास युटिका गावातून जाणाऱ्या इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या काठची सपाट वाट धरावी. १८४८ मध्ये खुल्या झालेल्या या ९६ मैलांच्या कालव्याने शिकागो नदी आणि इलिनॉय नदी जोडल्या, आणि त्यामुळे ग्रेट लेक्सपासून मिसिसिपीपर्यंत जलमार्ग तयार झाला. खेचरे ज्या वाटेने बोटी ओढत, तीच आज सायकलची वाट आहे. नदीच्या उत्तर काठावरील बफेलो रॉक उद्यान हा तिसरा पर्याय आहे. तेथे कोळशाच्या जुन्या खाणीने उजाड झालेल्या जमिनीवर मायकेल हायझर या शिल्पकाराने १९८० च्या दशकात मातीचे प्रचंड उंचवटे रचून कासव, साप, बेडूक, कॅटफिश आणि पाण्यावर चालणारा कीटक यांचे आकार केले आहेत. जमिनीवरून ते चटकन ओळखू येत नाहीत, त्यामुळे प्रवेशाजवळचा आराखडा पाहून मगच चालायला सुरुवात करावी.